चुलींतली राख आणि पोटांतली आग

थंडीच्या दिवसांतील एखाद्या रविवारची दुपार डोळ्यांसमोर आणा. घर जळगांवचें असो कीं धुळ्याचें असो, जेवणाचा थाट एकच. पानांत कळण्याची भाकरी होती, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचें भरीत होतें, तेलाचा लाल तवंग आलेली शेवभाजी होती, आणि आग्रह करणारें माणूसहि समोर होतें. तासाभरानें घरांतील वडील माणूस छातीवरून हात फिरवूं लागतें, “जरा जळजळतें आहे” म्हणतें, आणि एखादें पोर फळीवरची कागदी पुडी काढून पाण्याच्या पेल्यांत रिकामी करतें. पेला फसफसतो, वडील तो घाईनें पितात, मोठा ढेकर देतात, आणि सारें घर निश्चिंत होतें.

ही पुडी इतकी परिचयाची झाली आहे, कीं तिच्यावरील बारीक अक्षरें सहसा कोणी वाचीत नाहीं. ईनो या नांवाचें हें चूर्ण मूळचें विलायती. परंतु आपल्या देशांत तें आयुर्वेदीय औषध म्हणून विकलें जातें, आणि म्हणून त्यांतील घटकांचीं नांवें पुडीवर संस्कृतांत दिलेलीं असतात. एक निंबुकाम्ल, म्हणजे लिंबाच्या आंबटपणाचें सत्त्व. आणि दुसरा स्वर्जिकाक्षार. स्वर्जिका म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्याला साजीखार म्हणत तोच. विलायती पुडीवर हा जुना शब्द आला यांत व्यापाराची सोय असेल. पण रसायनाच्या दृष्टीनें पाहतां त्या दोन वस्तु एकाच घराण्यांतल्या आहेत. चुलींतल्या राखेचें आणि पोटांतल्या आगीचें नातें फार जुनें आहे. त्या नात्याचा इतिहास, आणि त्या इतिहासांत आपल्या पूर्वजांनीं देऊन ठेवलेला एक इशारा, या दोहोंविषयीं आज बोलावयाचें आहे.

माझें आजोळ रावेर तालुक्यांतलें. रावेर, यावल, चोपडा हा तापीच्या उत्तरेकडचा मुलूख केळींचा. केळीचें एक खोड एकदांच घड देतें आणि मग तें तोडावें लागतें. तोडलेल्या खोडांचीं सोपटें वाळवून माझी आजी तीं स्वच्छ जागीं जाळी, राख मडक्यांत भिजत घाली, आणि दुसऱ्या दिवशीं वरचें निवळ पाणी फडक्यांतून गाळून घेई. हें पाणी उडदाच्या पापडांच्या पिठांत जाई. आम्ही मुलें त्यांत बोट बुडवून पाहत असूं. साबणाच्या पाण्यासारखें तें बुळबुळीत लागे, आणि जिभेला लावलें तर जीभ चरचरे. जुन्या मराठी कोशांतून पापडखार या शब्दाचा अर्थ केळीची राख असाच दिलेला आढळतो. आसामांत तर केळीच्या राखेचें असेंच पाणी रोजच्या स्वयंपाकांत घालतात, आणि त्याला कोलाखार म्हणतात.

त्या पाण्यांत असतें काय? केळीचें झाड जमिनींतून पोटॅशियम नांवाचें द्रव्य भरपूर शोषून घेतें. झाड जाळलें म्हणजे त्याचा बहुतेक भाग धूर व वाफ होऊन जातो. पण पोटॅशियम उडून जात नाहीं. तें हवेंतील व ज्वालेंतील कर्बवायूशीं जोडलें जाऊन पोटॅशियम कार्बोनेटच्या रूपानें राखेंत उरतें. हाच वनस्पतिजन्य क्षार. साजीखारांत पोटॅशियमच्या जागीं त्याचा सख्खा भाऊ सोडियम असतो. हा क्षार कांहीं ठिकाणीं जमिनींतून किंवा पाण्यांतूनच मिळे. खानदेशाच्या आग्नेयेस सुमारें दीडशें किलोमीटरांवर, बुलढाणें जिल्ह्यांत, लोणारचें सरोवर आहे. आकाशांतून पडलेल्या उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत तयार झालेलें हें विवर. त्यांतील पाणी सोडियम कार्बोनेटानें इतकें क्षारमय, कीं उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावर पांढरी खपली धरे. अकबराच्या काळच्या ‘आइन-इ-अकबरी’ या ग्रंथांत लोणारच्या परिसरांत कांच व साबण करण्याचा माल सांपडतो अशी नोंद आहे. हा खार काढून विकण्याचा धंदा तेथें इंग्रजी अमदानींतहि चालत असे. आज तें सरोवर संरक्षित अभयारण्य आहे.

राखेपासून क्षार काढण्याची कृति आपल्याकडे केवळ स्वयंपाकघरांत राहिली नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अकरावा अध्याय सबंध क्षारावर आहे. विशिष्ट झाडें जाळावीं, राख पाण्यांत कालवावी, तें पाणी एकवीस वेळां गाळावें, आटवावें, असा तपशील तेथें आहे. क्षाराचे प्रकार तीन सांगितले आहेत: मृदु, मध्यम आणि तीक्ष्ण. आटत आलेल्या पाण्यांत लाल होईपर्यंत तापविलेले चुनखडीचे खडे व शंख विझविले, म्हणजे क्षाराला मध्यम धार येते; ते घातले नाहींत तर तो मृदु राहतो; पुढें आणखी कांहीं औषधी घालून तो तीक्ष्ण होतो. तयार झालेला क्षार लोखंडी भांड्यांत ठेवावा असें बजावलें आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ सालीं हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं या कृतीची मोठी वाखाणणी केली आहे.

त्याच अध्यायांत एक प्रश्न आला आहे, आणि तो आजच्या विषयाचा गाभा आहे. क्षारानें भाजलेल्या जागीं आंबट पदार्थ लावावा असें सुश्रुत सांगतो. मग शिष्यानें विचारावें तसा प्रश्न येतो, कीं आम्ल हेंहि स्वभावानें उष्ण व तीक्ष्ण. तें या दाहाला शांत कसें करील? उत्तर असें, कीं क्षारांत आम्लाखेरीज सर्व रस आहेत. आम्लाशीं संयोग झाला म्हणजे क्षार आपली तीक्ष्णता टाकून सौम्य होतो, आणि पाण्यानें अग्नि विझावा तसा शमतो. दोन जळजळीत वस्तु एकत्र आल्या म्हणजे दोघीहि निवतात, हें निरीक्षण येथें स्पष्ट आहे. तेथें आम्लानें क्षार शमविला. पोटांत आपण क्षारानें आम्ल शमवितों. फरक दिशेचा आहे, नियम एकच.

पण चुन्यानें क्षाराला धार कां यावी, याचा उलगडा व्हावयास अठरावें शतक उजाडावें लागलें, आणि तो झाला पोटाच्या औषधाच्या निमित्तानेंच. १७५४ सालीं स्कॉटलंडांत एडिंबरो येथें जोसेफ ब्लॅक नांवाच्या तरुणानें वैद्यकाच्या पदवीसाठीं प्रबंध लिहिला. विषय होता, अन्नापासून उत्पन्न होणारा आम्ल रस व पांढरा मॅग्नेशिया. हा मॅग्नेशिया त्या काळीं आंबट ढेकरांवर दिला जाई. ब्लॅकनें तो तापविला आणि तराजूंत घालून पाहिला, तों त्याचें वजन घटलेलें. त्यांतून एक वायु निघून गेला होता. चुनखडी भट्टींत भाजली असतां तोच वायु निघून जाऊन चुन्याची कळी उरते. ही कळी सौम्य क्षाराच्या पाण्यांत टाकली, तर ती त्या क्षारांतला वायु ओढून घेते, आणि वायूवांचून उरलेला क्षार दाहक होतो. सुश्रुताच्या कढईंत जें घडत होतें, त्याचें कारण असें एडिंबरोच्या तराजूनें सांगितलें. ज्या वायूला ब्लॅकनें बद्ध वायु म्हटलें तोच आपला कर्बवायु. म्हणजे पुडीच्या पेल्यांतली फसफस तोच, आणि आपला ढेकरहि बराचसा तोच!

आतां पोटांतील आंबटपणा म्हणजे नक्की काय, हा प्रश्न उरला. अम्लपित्त हें नांव आपल्याकडे जुनें. माधवनिदानांत त्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. परंतु तें आम्ल कोणतें, हें लंडनच्या विल्यम प्राउट या डॉक्टरानें १८२३ च्या डिसेंबरांत रॉयल सोसायटीपुढें मांडलें. तें मिठापासून करतां येणारें हायड्रोक्लोरिक आम्ल होतें. सोनार व कल्हईवाले वापरतात त्याच जातीचें. त्याच सुमारास अमेरिकेंत एक विलक्षण योग जुळून आला. १८२२ सालीं ॲलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वांचला, पण पोटाला बाहेरून पडलेलें भोंक बुजलें नाहीं. त्याच्यावर उपचार करणारा लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट यानें त्या भोंकांतून दोरीला बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडून, पचन कसें चालतें तें वर्षानुवर्षें पाहिलें, आणि १८३३ सालीं तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. निरोगी माणसाच्या जठरांत दिवसाकाठीं सुमारें दोन लिटर रस पाझरतो. हें आम्ल शत्रु नव्हे. तें अन्नांतील प्रथिनें सैल करतें आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतु मारतें. जठराच्या अस्तराला तें सोसतें. तें वर अन्ननलिकेंत चढलें, कीं छाती जळते.

आम्लाला उतारा म्हणून क्षार लागतो हें ठाऊक होतें. प्रश्न होता तो मुबलक व सौम्य रूपांत मिळण्याचा. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, बर्लिनच्या व्हॅलेंटिन रोझ या औषधशास्त्रज्ञानें १८०१ सालीं शोधून काढला. त्यापूर्वीं दहा वर्षें, १७९१ त, निकोलस लेब्लांक या फ्रेंच रसायनज्ञानें साध्या मिठापासून धुण्याचा सोडा करण्याची रीति शोधली होती. राखेची व समुद्रशेवाळाची गरज त्यामुळें उरली नाहीं. पण या कारखान्यांच्या धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचे लोट बाहेर पडत, आणि भोंवतालचीं झाडें व पिकें जळून जात. इंग्लंडांत १८६३ सालीं या धुराविरुद्ध कायदाच करावा लागला. पोटांतलें आम्ल शमविणारी वस्तु करतांना तेंच आम्ल गांवावर सोडलें जात होतें! पुढें बेल्जममधील अर्नेस्ट सॉल्व्हे यानें १८६१ पासून अमोनियाच्या साह्यानें अधिक स्वच्छ रीति सुरू केली. आपल्या देशांत सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूर येथें टाटा केमिकल्स हा कारखाना १९३९ सालीं स्थापन झाला. कारखान्याचा सोडा स्वस्त झाला, आणि आजीचें राखेचें मडकें अडगळींत गेलें.

जेम्स क्रॉसली ईनो हा न्यूकॅसल बंदरांतील औषधविक्रेता. त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हें चूर्ण तयार केलें, आणि बंदरांत येणाऱ्या खलाशांच्या हातून तें देशोदेशीं गेलें. त्याची युक्ति पेल्यांतच पाहतां येते. कोरड्या पुडींत सोडा आणि निंबुकाम्ल शेजारीं शेजारीं स्वस्थ पडून असतात. पाणी मिळालें, कीं दोघे विरघळतात, एकमेकांना भेटतात, आणि कर्बवायु सुटतो. यांत एक गंमत आहे. सोड्याचा बराच भाग पोटांत जाण्यापूर्वींच, पेल्यांतच, खर्च होतो. तरी औषध वायां जात नाहीं. कारण मागें सोडियम सायट्रेट नांवाचा क्षारधर्मी पदार्थ उरतो, आणि जठरांतलें आम्ल शमविण्याचें बरेंचसें काम तो करतो. म्हणजे जी फसफस पाहून आपल्याला औषधाचा प्रभाव जाणवतो, ती औषधाची तयारी आहे. खरें काम त्यानंतर मुकाट्यानें चालतें.

नुसता सोडा पाण्यांतून घेतला तर मात्र वायु पोटांतच सुटतो. एक ग्रॅम सोड्यापासून सुमारें ३०० मिलीलिटर, म्हणजे एका मोठ्या पेल्याइतका वायु होतो. सोडा आणि आम्ल मिळून शेवटीं उरतात पाणी आणि मीठ. येथेंच सावध व्हावयास हवें. एका चहाच्या चमच्यांत सुमारें साडेचार ग्रॅम सोडा मावतो. त्यांत सव्वा ग्रॅम सोडियम असतें, म्हणजे तीन ग्रॅम मिठांत असतें तितकें. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरांत ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें असें सांगते. पापड, लोणचीं आणि शेव ज्या घरांत रोजचीं, तेथें रक्तदाबाच्या रोग्यानें वर हा चमचा घेणें म्हणजे काय, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

या उणिवा टाळण्यासाठीं इतर औषधें निघालीं. चार्ल्स फिलिप्स यानें अमेरिकेंत १८७३ सालीं मॅग्नेशियाच्या दुधाचें पेटंट घेतलें. तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, म्हणून आम्ल असेल तितकेंच हळूहळू काम करतें, आणि त्यांतून वायूहि सुटत नाहीं. पण त्यानें पोट सैल होतें. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडनें उलट बद्धकोष्ठ होतो. म्हणून हल्लींच्या गुलाबी किंवा पांढऱ्या पातळ औषधांत बहुधा दोघांची जोडी असते. एकाचा दोष दुसऱ्यानें सांवरावा हा हेतु. चघळण्याच्या कित्येक गोळ्यांत खडूच्या जातीचें कॅल्शियम कार्बोनेट असतें. वैद्यांच्या शंखभस्माचें व कवडीच्या भस्माचें घराणें हेंच. ओवा आणि बडीशेप यांची गोष्ट वेगळी. ओव्यांतील थायमॉल हें उडून जाणारें द्रव्य वास, चव आणि उबारा देतें; पण तें आम्लाला शमवीत नाहीं. चूर्णांतील ओव्यानें बरें वाटलें, तरी तें सोड्यासारखें काम नव्हे.

श्रोतेहो, येथवर मी ढेकराविषयीं थोड्या विनोदानें बोललों. आतां एक गोष्ट सांगतों, ती विनोदाची नाहीं. माझे मामा धुळ्यास राहत. तिखटाचे शौकीन, आणि पुडी त्यांच्या उशाशींच असे. एका रात्रीं त्यांची छाती जळूं लागली, डावा हात भरून आला, अंगाला घाम सुटला. त्यांनीं नेहमींप्रमाणें पेला घेतला, ढेकर दिला, “मोकळें झालें” म्हणाले आणि झोंपले. घरच्यांनींहि सुस्कारा सोडला. पहांटे ते उठले नाहींत. पुढें डॉक्टरांनीं सारीं लक्षणें ऐकून सांगितलें, कीं हा हृदयाचा झटका होता. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना जवळच्याच मज्जातंतूंवरून वर जातात. म्हणून माणसाला आग कोठें लागली तें नेमकें कळत नाहीं. ढेकर मात्र सोडा घेतला कीं येणारच, हृदयाचा विकार असो वा नसो. तो रसायनाचा परिणाम आहे; रोग गेल्याची साक्ष तो देत नाहीं.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत पहिल्याच अध्यायांत तीन वस्तु अति सेवूं नयेत असें सांगितलें आहे: पिंपळी, क्षार आणि मीठ. क्षार सतत खाणाऱ्या गांवांची व प्रांतांची दृष्टि जाते, केंस गळतात व पिकतात, हृदयाला पीडा होते, असें वर्णन तेथें असून, उदाहरण म्हणून पूर्वेकडील लोकांचें व चिनी लोकांचें नांव घेतलें आहे. त्यांतील प्रत्येक तपशील आजच्या कसोटीला उतरेल असें नाहीं. पण क्षार हा रोजचा आहार होऊं नये, हें मूळ सूत्र पुन्हां पुन्हां खरें ठरलें. अमेरिकेंत १९१५ सालापासून जठराच्या व्रणावर दूध आणि क्षारचूर्ण तासातासाला देण्याची पद्धति रूढ झाली. १९२३ पर्यंत अशा रोग्यांपैकीं कित्येकांचें रक्त अतिक्षारी होऊन मूत्रपिंडें बिघडतात असें डॉक्टरांनीं नोंदविलें.

आणि व्रणाचें खरें कारण तर आम्लाच्या पलीकडेच निघालें. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनीं १९८२ सालीं जठरांतील एक वांकडा जंतु वाढवून दाखविला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हां १९८४ त मार्शलनें त्या जंतूंचें द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या व्रणांवर माणसें जन्मभर सोडा खात बसत, त्यांपैकीं पुष्कळ व्रण दहा-चौदा दिवसांच्या जंतुनाशक औषधांनीं बरे होतात. क्षारानें आग तासभर निवते. ती कोणीं लावली, तें क्षार सांगत नाहीं.

म्हणून पुडी फेंकून द्या असें माझें म्हणणें नाहीं. लग्नाच्या पंगतीनंतर क्वचित् एखादे वेळीं तिनें आराम पडतो, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. पण ती आठवड्यांतून वारंवार लागूं लागली, शौचास काळें होऊं लागलें, घांस अडूं लागला, कारणावांचून वजन उतरूं लागलें, तर डॉक्टरांकडे जा. आणि छातींतल्या जळजळीबरोबर घाम, धाप किंवा हाताची कळ असेल, तर पेला भरण्यांत वेळ घालवूं नका. त्याच क्षणीं रुग्णालयाची वाट धरा.

माझी आजी शाळेंत गेलेली नव्हती. पण खाराचें मडकें ती मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंच फळीवर ठेवी, आणि पिठांत तें पाणी घालतांना दर वेळीं बोटानें चाखून, मापून घाली. “खार हा, जास्त झाला तर जाळतो,” असें ती म्हणे. मामांची पुडी मात्र उशाशीं असे, आणि ती किती वेळां लागते हें कोणीं कधीं मोजलें नाहीं. आपल्या घरांत तेवढें मोजलें जावें, इतकेंच मागणें.